हँडब्रेकची केबल

एरंडवण्यातला बंगला तीस तारखेला बिल्डरकडे जायचा होता,
म्हणून पाळंद्यांनी गॅरेजची कडी काढली.
कडी निघाली, दार नाही.
शफीचाचांनी पहार घातली.

आत तीन गाद्या, एक पाळणा, दोन घंगाळं,
आणि त्यांच्याखाली
दोन सीटांची एमजी. मुळात हिरवी,
आता वाळक्या शेवग्याच्या शेंगेच्या रंगाची.
टपाचं कापड उंदरांनी नेलेलं,
टायर खाली बसून चौकोनी.
चाचा काही बोलले नाहीत.
बॉनेटवर पालथा हात ठेवला फक्त,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"काय झालं होतं हिला?"
"काही नाही," पाळंदे म्हणाले. "हँडब्रेकची केबल तुटली.
म्हटलं, रविवारी नाना पेठेतून आणू."
"कधी?"
"एक्क्याण्णव साली."

मला वाटलं होतं अपघात असेल,
भावाभावांची कोर्टकचेरी,
निदान कुणीतरी गेलं असेल.
एवढी धूळ, आणि खाली
एवढंसं कारण.

टाकीतल्या पेट्रोलची लाख झालेली.
एअर फिल्टरमध्ये बाळंतघर: कापूस, सुतळी,
कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका.
प्लग काढून चारही भोकांत डिझेल सोडलं, थोडं रॉकेल,
आणि थांबलो.
चाचा म्हणतात, हात काय, कुणालाही असतात.
सातव्या दिवशी हँडल सूतभर हललं.
त्या सूतभरावर आम्ही चहा प्यालो.

पाळंदे रोज खुर्ची टाकून बसत.
"तो नट उलट्या आट्यांचा आहे."
नसायचा.
डाव्या चाकाचा मात्र निघाला,
तेव्हा नेमके ते देवपूजेला गेले होते.

केबल मिळाली. तिसऱ्या दुकानात,
दुसऱ्याच कुठल्या गाडीची, दोन इंच कापून.
एकशे ऐंशी रुपये. बसवायला वीस मिनिटं.
पाळंद्यांनी पावती घडी घालून खिशात ठेवली
आणि बराच वेळ खिशावरचा हात काढला नाही.

मग गाडी बाहेर ढकलायची,
म्हणून मी मागच्या चाकाखालचा दगड ओढला.
दगड नव्हता. वरवंटा होता,
एका अंगाने झिजून चपटा.

कुमुदताई चहा घेऊन आल्या होत्या.
"हा इथे होता?"
"हाताला लागला तो लावला," पाळंदे म्हणाले. "एका रात्रीपुरता."

मग त्या आमच्याशी बोलल्या. त्यांच्याशी नाही.
हौसा होती आमच्याकडे. तेरा वर्षं.
इथेच, ह्या फरशीवर, पदर झटकून दाखवला तिने.
म्हणाली, वैनी, वरवंटा कुणी चोरतं का?
आणि गेली. राहिलेला पगारही न घेता.
त्याच आठवड्यात आम्ही मिक्सर आणला.

चौथ्या धक्क्याला इंजिन लागलं.
धूर असा की समोरच्या सोसायटीतले एक गृहस्थ
पीयूसी विचारायला खाली आले.
पाळंदे दार उघडून उभे राहिले, केस नीट केले.
कुमुदताई त्यांच्या बाजूने जाऊन आत बसल्या,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला वरवंटा.
"दत्तवाडी," म्हणाल्या.
सीटा दोनच. स्टिअरिंगवर मी.
फाटकात पाळंदे, हातात चहाचा ट्रे.

म्हात्रे पूल संपता संपता बंद पडली.
मागे बस, रिक्षा, हॉर्न,
थांबून सल्ला देणारे दोघे.
उतार होता. गाडी आपोआप सरकायला लागली.
त्यांनी न बोलता टॉवेल सोडला,
वरवंटा माझ्यापुढे धरला, चाकाखाली लावायला.

"नको," म्हणाले, आणि हँडब्रेक ओढला.
कर्रर.
धरला.

त्यांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला,
लेकराचे पाय झाकावेत तसा.
"पत्ता आहे ना?" मी विचारलं.
"नाव आहे."
"आडनाव?"
त्या समोर बघत राहिल्या, काचेतून,
जिचे वायपर अजून बसवायचे होते.

मी उतरले. बॉनेट उघडलं.